बाजाराच्या वाटेवरचा इतिहास

तासगावला आपण वर्षातून कितीदा जातो याचा हिशेब कोणी ठेवत नाही. कधी आठवडी बाजाराला, कधी सात-बाराच्या उताऱ्याला, कधी बेदाण्याच्या सौद्याला, तर कधी पोरांच्या कॉलेजच्या कामाला. काम आटोपले की एस.टी. गाठायची आणि दिवेलागणीला घरी. वाटेत गणपतीचे गोपूर दिसते, त्याला लांबूनच हात जोडायचे. वाचकहो, आपण काशी करतो, तिरुपतीला जातो, मुलांना महाबळेश्वर दाखवतो. मग आपल्याच तालुक्याच्या आसपास काय आहे, ते कधी सवडीने पाहिले आहे का? पाहिले नसेल तर यंदा पाहा, आणि एकटे न जाता घरच्या साऱ्यांना घेऊन पाहा.

गोपूर आणि रथ

सुरुवात गावातूनच करावी. तासगावचे गणपती मंदिर पेशवाईतील पराक्रमी सरदार परशुरामभाऊ पटवर्धन यांनी बांधायला घेतले. काम १७७९ साली सुरू झाले आणि १७९९ साली पूर्ण झाले, म्हणजे तब्बल वीस वर्षे चालले. भाऊंच्या स्वाऱ्या कर्नाटकात दूरवर झाल्या. तिकडच्या देवळांची उंच गोपुरे त्यांनी पाहिली आणि तसेच गोपूर आपल्या गणपतीपुढे उभे केले. सात मजल्यांचे, ९६ फूट उंचीचे हे गोपूर महाराष्ट्रातील देवळांपुढे सहसा दिसत नाही. पायथ्याशी उभे राहून एकेक मजला मोजत वर पाहावे. मुलांना मोजायला सांगितले तर त्यांना ते जन्मभर लक्षात राहील. आतली मूर्ती उजव्या सोंडेची आहे. मंदिर पुरे झाले त्याच १७९९ साली परशुरामभाऊ पट्टणकुडीच्या लढाईत पडले. पुढे १८४८ साली तासगावची जहागीर इंग्रजांनी खालसा केली.

रथोत्सव पाहायचा असेल तर ऋषिपंचमीला, म्हणजे गणेश चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी जावे. येथील संस्थानचा गणपती दीड दिवसाचा. तीन मजली लाकडी रथ जाड दोरांनी माणसेच ओढतात, बैल नाही की यंत्र नाही. गणपती मंदिरापासून काशीविश्वेश्वराच्या देवळापर्यंत रथ जातो आणि परत येतो. गुलाल आणि पेढ्यांची उधळण होते. दोनशेहून अधिक वर्षे हा रथ चालला आहे तो पंचक्रोशीतल्या माणसांच्या मनगटावर. ऑक्टोबर छाटणीची धांदल त्या वेळी सुरू झालेली नसते, त्यामुळे बागायतदारालाही सवड काढता येते.

दसऱ्याला निघणार असाल तर सांगली रस्त्यावरच्या कवठे एकंदला रात्रीचा मुक्काम ठेवा. सिद्धराजाच्या पालखीपुढे होणारी शोभेच्या दारूची आतषबाजी गावकरी स्वतः तयार करतात. लहान मुलांना मात्र अंतरावरच बसवावे.

कचेरीवरचा झेंडा

तासगावात आपण कचेरीच्या कामाला जातो, तेव्हा एक तारीख आठवावी, ३ सप्टेंबर १९४२. ‘चले जाव’ची हाक मुंबईत उठून महिना होत नाही तोच खेड्यापाड्यांतून माणसे चालत तासगावात आली, मोर्चा मामलेदार कचेरीवर गेला आणि कचेरीवर तिरंगा चढला. तासगाव तेव्हा सातारा जिल्ह्यात होते. सहाच दिवसांनी, ९ सप्टेंबरला, वडूजच्या मोर्चावर गोळीबार झाला आणि हातात तिरंगा घेतलेले परशुराम घार्गे धारातीर्थी पडले. दुसऱ्या दिवशी इस्लामपुरातही गोळ्या सुटल्या. तासगावच्या मोर्चात सामील झालेली माणसे कोण होती? आपल्यासारखीच भाकरी बांधून निघालेली शेतकरी माणसे. आपल्या घराण्यातले कोणी त्यात होते का, हे घरातल्या थोरांना विचारून पाहावे.

विसापूर आणि बहात्तरचे तलाव

तालुक्याच्या उत्तर भागात विसापूर आहे. येथे ना किल्ला आहे, ना लेणे. पण महाराष्ट्रातील मजुरांच्या इतिहासात या गावाचे नाव मोठे आहे. रोजगार हमी योजनेची कल्पना मांडणारे वि. स. पागे विसापूरचे. १९६० ते १९७८ अशी अठरा वर्षे ते विधान परिषदेचे सभापती होते. मागेल त्याला काम मिळाले पाहिजे, ही त्यांची मागणी. तिचा आरंभीचा प्रयोग तासगाव तालुक्यातच झाला. १९७२ च्या दुष्काळाने तिची गरज साऱ्या राज्याला पटवली. १९७७ साली कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. पुढे २००५ साली देशाने रोजगार हमीचा कायदा केला, त्याचे मूळ शोधायला गेले की वाट याच मुलखात येते.

म्हणून या बाजूला फिरताना एखादा पाझर तलाव दिसला तर गाडी थांबवावी. बांधावर बसून शिदोरी सोडावी आणि मुलांना सांगावे की, बहात्तर सालात अशा कामांवर तुमच्या आज्या-पणज्यांनी खडी फोडली, डोक्यावर पाट्या वाहिल्या आणि सुकडी खाऊन दिवस काढले. या बांधावर कोणाचे नाव कोरलेले नसते. ते आपणच सांगायचे असते.

माळावरची द्राक्षे

त्याच कोरड्या मुलखाने पुढे द्राक्ष पिकवून दाखवले. ‘तास-ए-गणेश’ हा द्राक्षाचा वाण बागायतदारांना नवा नाही. बोरगावच्या आर्वे यांनी थॉमसन सीडलेसमधून तो निवडला. वाणाच्या नावातच तासगाव आहे. फेब्रुवारी ते एप्रिल या काळात सावळज, मणेराजुरीकडच्या रस्त्याने गेलात तर माळावर बेदाण्याची शेड दिसतील. द्रावणातून काढलेले घड जाळीच्या कप्प्यांवर पसरलेले असतात आणि कोरडा वारा आपले काम करत असतो. सुमारे चार किलो द्राक्षांतून एक किलो बेदाणा उतरतो. ज्या कोरड्या हवेने पिढ्यान् पिढ्या छळले, तीच हवा येथे कामाला लावलेली आहे. सांगलीच्या बेदाण्याला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. ज्यांची बाग नाही अशा वाचकांनी तर हे जरूर पाहावे.

येरळेपलीकडे

दुसरा दिवस येरळा ओलांडून पश्चिमेला घालवावा. पलूस, भिलवडी ही गावे पलूस तालुका वेगळा होण्यापूर्वी तासगाव तालुक्यातच मोडत.

किर्लोस्करवाडीला पाहण्यासारखा आहे तो एका नांगराचा इतिहास. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्कर येथे आले, तेव्हा हा निवडुंगाचा आणि सापांचा उजाड माळ होता. औंधच्या राजांनी जागा दिली. लोखंडी नांगराने जमीन नासते, असा तेव्हा शेतकऱ्यांचा समज होता. तो समज काढून टाकायला वर्षे लागली. याच वाडीतून १९२० पासून ‘किर्लोस्कर’ आणि १९३० पासून ‘स्त्री’ ही मासिके निघू लागली. खेड्यात निघालेले मासिक महाराष्ट्रभर वाचले गेले, ही गोष्ट आपल्या मुलींना जरूर सांगावी.

शेजारचे कुंडल म्हणजे प्रतिसरकारचे एक ठाणे. क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९४३ ते १९४६ या काळात सातारा जिल्ह्यातल्या अनेक गावांत इंग्रजांचा अंमल बाजूला सारून लोकांनी आपला कारभार चालवला. न्यायमंडळे नेमली, सावकारी आणि दरोडेखोरी मोडली, थोडक्या खर्चात गांधी-पद्धतीची लग्ने लावली. कुंडलचे जी. डी. बापू लाड यांनी तुफान सेना उभी केली. ७ जून १९४३ रोजी शेणोलीजवळ गाडी अडवून सरकारी खजिना ताब्यात घेतला, तो याच सेनेने. गावाजवळच्या डोंगरावर झरी पार्श्वनाथाचे जैन तीर्थ आहे. पायथ्याशी पाणी पिऊन सकाळच्या उन्हात चढावे.

तेथून देवराष्ट्रे आणि सागरेश्वर गाठावे. डोंगराच्या कुशीतला सागरेश्वराचा प्राचीन देवळांचा समूह पाहावा. मागचा डोंगर एके काळी बोडका होता. वृक्षमित्र धों. म. मोहिते यांनी ध्यास घेतला, झाडे वाढली, हरणे सोडली गेली आणि १९८५ साली अभयारण्य जाहीर झाले. सुमारे ११ चौरस किलोमीटरचे हे रान माणसांनी उभे केलेले आहे. वरून पाहिले की खाली कृष्णाकाठचा हिरवा उसाचा पट्टा दिसतो. देवराष्ट्रे हे यशवंतराव चव्हाणांचे आजोळ. १२ मार्च १९१३ रोजी ते येथेच जन्मले. ते साधे घर जतन केलेले आहे. मुलांना आत नेऊन ते दाखवावे.

वेळ उरला तर परतताना भिलवडीचा कृष्णेचा घाट आणि नदीपलीकडचे औदुंबरचे दत्तस्थान करावे. औदुंबरला कवी सुधांशू यांच्या पुढाकाराने १९३९ पासून साहित्यसंमेलन भरत आले आहे. येरळा कृष्णेला मिळते ते ब्रह्मनाळही याच टापूत आहे.

जाताना एवढे करा

भाकरी-चटणी आणि पाणी घरून घ्यावे. देवळाच्या दगडावर नावे कोरू नयेत, अभयारण्यात प्लास्टिक टाकू नये. दुपारचे ऊन टाळावे. मुलांच्या हाती एक वही द्यावी आणि पाहिलेल्या ठिकाणाचे नाव, साल व ऐकलेली हकिगत त्यांच्याकडून लिहून घ्यावी.

वहीचे सांगण्याला कारण आहे. गोपूर दगडी आहे, ते आणखी शंभर वर्षे उभे राहील. पण आठवणींना गोपुराचे आयुष्य नसते. क्रांतिसिंहांच्या कन्या हौसाताई पाटील २०२१ साली गेल्या. तुफान सेनेचे कॅप्टन भाऊ, म्हणजे कुंडलचे रामचंद्र लाड, २०२२ साली गेले. बहात्तर सालात खडी फोडलेल्या आया-बाया आज सत्तरीच्या पुढे आहेत आणि त्या आपल्याच घरात, आपल्याच गल्लीत आहेत. त्यांतल्या एखादीला गाडीत पुढच्या जागेवर बसवून तिने काम केलेल्या तलावावर घेऊन जा. ती जे सांगेल, ते कोणत्याही पुस्तकात छापलेले मिळणार नाही.