तीन दिवसांचा बेत: वेळासच्या वाटेवर



मागच्या व्याख्यानात आपण विचारविनिमय म्हणजे काय, हा विषय घेतला होता. कार्यक्रम संपल्यावर एका श्रोत्यांनी जिन्यात गाठून विचारलं, "सर, हे सगळं ठीक आहे. पण आमच्या घरी तीन दिवसांची सहल ठरवायची म्हटली तर आठवडाभर भांडणं होतात. यावर तुमचा अ‍ॅरिस्टॉटल काही सांगतो का?" तेव्हा आम्ही हसण्यावारी नेलं. घरी येईपर्यंत मात्र लक्षात आलं की प्रश्न चांगला आहे आणि आमच्याच घरात तो सध्या चालू आहे. म्हणून आज तोच घेतो.

आमच्या घरचा प्रसंग असा. पुण्याहून मुलगा, सून आणि आठ वर्षांची नात रंगपंचमीच्या सुमारास येणार. हातात तीन दिवस, दोन रात्री. जायचं आपल्याच जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, वेळासला. तिथे ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं समुद्रात सोडतात, ते नातीला बघायचंय.

आता आपल्याला वाटतं, जिल्हा आपलाच, त्यात अवघड ते काय? नकाशा समोर घ्या. जिल्हा दक्षिणोत्तर सुमारे 180 किलोमीटर लांब, आणि आपण रत्नागिरीकर मधोमधच्या थोडे खाली. समुद्र डाव्या हाताला ठेवून उत्तरेला निघायचं की जयगडला शास्त्री नदीची खाडी आडवी. मग दाभोळला वाशिष्ठी, आंजर्ल्याला जोग, केळशीला भारजा, आणि अगदी शेवटी बाणकोटला सावित्री. तिच्या पलीकडे रायगड जिल्हा. वेळास त्या बाणकोट खाडीच्या अलीकडे. नकाशावर पट्टी ठेवून मोजलेलं अंतर इथे कामाचं नाही. जयगडहून तवसाळला आणि धोपाव्याहून दाभोळला गाडीसकट फेरीबोटीत चढायचं. बोट नुकतीच सुटली असेल तर धक्क्यावर उभं राहून पलीकडच्या काठाकडे बघत बसायचं. नाहीतर चिपळूणकडून मोठा वळसा. दापोलीच्या पुढे मंडणगडकडे रस्ता डोंगर चढतो, उतरतो, परत चढतो. दिवसाचा बराचसा भाग नुसता पोचण्यात जातो, हे धरूनच चालावं.

आपली ही व्याख्यानं परदेशातूनही काही मराठी कुटुंबं ऐकतात. त्यांच्यापैकी कोणी कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या 'ग्रेट बेअर रेनफॉरेस्ट'ला जायचं म्हणत असेल, तर त्यांच्यापुढे हाच प्रश्न केवढा तरी मोठा होऊन उभा राहतो. ते जंगल सुमारे 64 हजार चौरस किलोमीटर, म्हणजे आपला रत्नागिरी जिल्हा जवळजवळ आठ वेळा. रस्ते थोडे, बहुतेक ठिकाणी बोटीने नाहीतर पाण्यावर उतरणाऱ्या छोट्या विमानाने जायचं. तिथलं पांढरं अस्वल दिसलं तर दिसलं. इतक्या लांबचं आपण जाऊ द्या. पण त्यांचा आणि आपला पेच एकाच जातीचा आहे.

पेच कुठे आहे? अ‍ॅरिस्टॉटल नीतिशास्त्रावरच्या ग्रंथात सांगतो की माणूस विचारविनिमय करतो तो जे आपल्या हातात आहे त्याबद्दल. सूर्य कधी उगवावा याची चर्चा कोणी करत नाही. आणि पुढे म्हणतो, विनिमय साध्याचा नसतो, साधनांचा असतो. वैद्य रोग्याला बरं करावं की नाही यावर विचार करत बसत नाही. कसं करावं, याचा करतो.

पहिला मुद्दा आम्हाला पटतो. दुसऱ्यापाशी आम्ही आयुष्यभर अडखळलो. वर्गात अनेक वर्षं तो शिकवला, परीक्षेत विचारला, आणि स्वतःच्या घरात त्याने आमची फसगत केली. ती हकीकत सांगतो.

पंधरा वर्षांपूर्वी आम्ही असाच तीन दिवसांचा बेत केला होता. बरोबर आमची आई होती, वय चौऱ्याऐंशी. तिचं माहेर केळशीचं. आम्ही कागद घेऊन बसलो आणि ठिकाणं लिहिली: गणपतीपुळे, जयगड, हेदवी, वेळणेश्वर, गुहागर, दाभोळची चंडिका, मुरूड, हर्णै, आंजर्ल्याचा कड्यावरचा गणपती आणि शेवटी केळशी. दहा! वेळा घातल्या, अंतरं घातली, जेवण कुठे तेही लिहिलं. आमचा तो कागद बघून शेजारी म्हणाले, प्रोफेसरांचा बेत म्हणजे रेल्वेचं वेळापत्रक. (हशा) रेल्वेही एवढी वेळेवर नसते. आम्ही होतो. दहाच्या दहा ठिकाणांपुढे खूण झाली.

केळशीला पोचलो तेव्हा अंधारून आलं होतं. महालक्ष्मीचं देऊळ बघितलं, दिव्यांच्या उजेडात. मग रात्रीतून परत निघायचं होतं, म्हणून गाडीत बसलो. बऱ्याच वेळाने आई मागच्या सीटवरून म्हणाली, "समुद्र राहिला रे." तिला लहानपणी जिथे बसायची त्या वाळूत जरा बसायचं होतं. आम्ही म्हटलं, "आई, आधी नाही का सांगायचं?" ती म्हणाली, "विचारलंस कुठे?"

पुढच्या वर्षी ती गेली.

त्या सहलीच्या आधी आमच्या घरात भरपूर चर्चा झाली होती. आधी गुहागर की आधी हेदवी, गाडी कोणाची, घाटाने जायचं की खाडीने. सगळी साधनांची चर्चा. साध्य सगळ्यांना ठाऊक आहे, असं आम्ही गृहीत धरलं: 'कोकण बघणं'. वैद्याचं साध्य एक असतं, म्हणून त्याचं भागतं. कुटुंबात पाच माणसं असली की साध्यं पाच असतात, आणि ती कोणी बोलून दाखवत नाही, कारण घरातल्या माणसाला काय हवं ते आपल्याला माहीतच असतं, अशी आपली समजूत. विशेषतः म्हाताऱ्या माणसांना काय हवं, ते आपण परस्पर ठरवतो. देऊळ. त्यांना देऊळ दाखवलं की झालं.

म्हणून या वेळी आम्ही कागद काढलाच नाही. जेवणं झाल्यावर फोनवर सगळ्यांना एकेक प्रश्न विचारला: अशी कोणती एक गोष्ट, की जी झाली नाही तर तुला वाटेल, आपण गेलोच नाही? एकच सांगायची. नात म्हणाली, कासवाची पिल्लं. मुलगा म्हणाला, झोप. (हशा) हसू नका, तो खरं बोलला. आणि खरं बोलल्यामुळे पहाटे चारला निघायचा आमचा विचार तिथेच मोडला. सून म्हणाली, दोन दिवस मी स्वयंपाकघरात पाऊल टाकणार नाही, दुसऱ्याच्या हातचं आयतं जेवणार. आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, केळशीच्या वाळूत बसायचं. का, ते आम्ही विचारलं नाही. आम्हाला स्वतःला हर्णैहून होडीने सुवर्णदुर्ग बघायचा होता. तीनदा किनाऱ्यावरून बघितलाय, आत पाय ठेवलेला नाही.

आता यातलं आपल्या हातात काय? आधी कासव घेऊ. मादी रात्री किनाऱ्यावर येते, वाळूत खड्डा करून शंभराच्या आसपास अंडी घालते आणि परत जाते. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने 2002 पासून वेळासला गावकऱ्यांना बरोबर घेऊन ही अंडी राखायचं काम सुरू केलं. त्याआधी ती माणसं, कुत्री, कोल्हे यांच्या तोंडी जात. घरट्यावर तारीख लिहिलेली असते. पिल्लं बाहेर यायला साधारण 45 ते 55 दिवस लागतात, आणि ते वाळूच्या उष्णतेवर अवलंबून. समजा 20 जानेवारीला अंडी घातली. मग पिल्लं 6 मार्चपासून 16 मार्चपर्यंत कधीही. दहा दिवसांचा फरक, आणि आपली सुट्टी तीन दिवसांची! बाहेर आलेली पिल्लं सकाळी सातच्या आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास सोडतात. कासवमित्र टोपली उचलतो. खाली काही असतं, किंवा नसतं.

मग आपण काय करायचं? कासवाची तारीख आपल्याला ठरवता येत नाही, पण आपण किती वेळा त्या टोपलीजवळ हजर असू, हे ठरवता येतं. पहिल्या दिवशी सात वाजता निघून दुपारी उशिरा वेळासला पोचलो, आणि दोन्ही रात्री तिथेच, गावातल्या एखाद्या घरी राहिलो, तर पहिली संध्याकाळ, दुसऱ्या दिवशीची सकाळ आणि संध्याकाळ, तिसरी सकाळ, अशा चार वेळा मिळतात. रोज मुक्काम हलवला असता तर एक मिळाली असती. घरगुती मुक्काम म्हटल्यावर सुनेच्या जेवणाचाही प्रश्न सुटला. साधनांचा विचार आता कसा सरळ चालतो बघा, साध्यं मांडलेली आहेत म्हणून.

केळशीच्या वाळूत बसायचं तर ओहोटी पाहिजे. ओहोटी केव्हा? त्यासाठी मोबाईल लागत नाही, पंचांग लागतं. तिथीची पाऊणपट करा, तेवढ्या वाजता साधारण पूर्ण भरती. त्यापुढे आणि त्याआधी सहा तासांवर ओहोटी. रोज पाऊण तासाच्या आसपास वेळ पुढे सरकते, म्हणून पाऊणपट. आमचा पहिला दिवस रंगपंचमीचा, दुसरा षष्ठीचा. सहाची पाऊणपट साडेचार. म्हणजे दुपारी साडेचारला भरती आणि सकाळी साडेदहाला ओहोटी. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतं, पण सकाळची पिल्लं बघून, नाश्ता करून केळशीला गेलं की उघडी वाळू नक्की. उधाण आणि भांग यांचं गणितही त्याच पंचांगात: पौर्णिमा-अमावास्येला उधाण, अष्टमीला भांग. खारवी मंडळींना हे सांगावं लागत नाही. आपल्या सुशिक्षित घरांतून मात्र ते गेलं.

सुवर्णदुर्ग राहिला. हर्णैला थांबायचं, होडी ठरवायची, जाऊन यायचं, म्हणजे अर्धा दिवस. तो पहिल्या दिवशी घातला तर पहिली संध्याकाळ जाते, म्हणजे नातीच्या चार वेळांतली एक. शेवटच्या दिवशी घातला तर मुलाने रात्रभर गाडी चालवायची. आम्ही दोन दिवस कागदाशिवाय मनातल्या मनात जुळवून बघितलं. मग सोडून दिला. कनकदुर्गावरच्या दीपगृहापासून तो छान दिसतो. चौथ्यांदा किनाऱ्यावरून बघू.

वाटेवर मुरूड लागतं, ते महर्षी कर्व्यांचं गाव. त्यांची एक हकीकत इथे आठवते. शाळकरी वयात ते सोबत्यांबरोबर परीक्षेसाठी मुरूडहून साताऱ्याला पायी गेले, सुमारे 110 मैल, सह्याद्री ओलांडून. पोचले वेळेवर. तिथे 'वय लहान दिसतं' म्हणून परीक्षेला बसू दिलं नाही. चालण्यात काही कमी पडलं नव्हतं. आपलं वय दुसऱ्याच्या डोळ्यांना किती दिसावं, हे चालून ठरत नाही. त्यांनी स्वतः हे आत्मचरित्रात लिहिलंय. नातीला हे सांगायचा आम्ही प्रयत्न केला.

कारण तिच्याशी खरा वाद पुढे झाला. आम्ही तिला फोनवर सांगितलं की चारही वेळा टोपली रिकामी निघू शकते. ती गप्प झाली. मग म्हणाली, "आजोबा, मग आपण जायचंच कशाला?" सून पलीकडून म्हणाली, "दिसतील गं, नक्की दिसतील." आम्ही सुनेला थांबवलं. आपण मुलांना असं खोटं आश्वासन देतो आणि मग तिथे कासवमित्राने टोपली उचलली की मूल रडतं, आईबाप त्या बिचाऱ्यावर चिडतात. पैसे भरून आलोय, म्हणतात. कासवाला तुमची पावती कोण दाखवणार?

पण मुलीच्या प्रश्नाला उत्तर द्यायला हवंच होतं. कर्व्यांची गोष्ट तिला लांबची वाटली. मग आम्ही तिला प्रथमाबद्दल सांगितलं. जानेवारी 2022 मध्ये वेळासच्याच किनाऱ्यावर अंडी घालायला आलेल्या एका मादीच्या पाठीवर उपग्रहाला खुणा पाठवणारं यंत्र बसवलं. तिचं नाव प्रथमा. इथून निघून ती पार गुजरातच्या बाजूला गेली. पुढच्या वर्षी गुहागरहून यंत्र लावून सोडलेली बागेश्री दक्षिणेला उतरून श्रीलंकेपर्यंत गेली. एकाच जिल्ह्यातली दोघी, एक उत्तरेला, एक दक्षिणेला. नातीने विचारलं, "त्यांना कोणी सांगितलं कुठे जायचं?" आम्ही म्हटलं, ते कोणालाच पुरतं माहीत नाही. थोड्या वेळाने तिने स्वतःच तोड काढली: "मग आपण आणखी एक दिवस राहू. म्हणजे सहा वेळा होतील." गणित बरोबर. बापाची रजा नाही. (हशा) तेव्हा चारच.

दुसऱ्या दिवसाची दुपार मोकळी राहिली आहे. केळशीहून परत आल्यापासून संध्याकाळी सहापर्यंत. मुलाने परवा सुचवलं की तेवढ्यात बाणकोटचा किल्ला होईल, जवळच आहे. वेळास नाना फडणविसांचं मूळ गाव, तेही बघता येईल. आमचा हात सवयीने पेन्सिलकडे गेला. सौ. म्हणाल्या, "राहू दे की ती दुपार. हा झोपणार आहे म्हणाला ना?" मुलगा फोनवर काही बोलला नाही. ती दुपार अजून तशीच आहे.

आता प्रश्न घेऊ. हो, मागे बसलेले काका, बोला. अष्टमीला भरती केव्हा? तुमच्या पिढीने पाऊणकी पाठ केलीय, तुम्हीच म्हणा. आठ पाऊण सहा. बरोबर. सहाला भरती, बाराला ओहोटी.