स्थूल उतारू आणि सुट्टीचा प्रवास

आजच्या भाषणाचा विषय ऐकून कांहीं श्रोत्यांच्या चेहऱ्यावर हंसूं उमटलें असेल, आणि तें स्वाभाविक आहे. लठ्ठ माणूस आणि प्रवास यांची जोडी आपल्या प्रहसनांना व व्यंगचित्रांना फार दिवस आयता मसाला पुरवीत आली आहे. परंतु ज्याचें वजन शंभर-सव्वाशें किलो आहे आणि जो उन्हाळ्याच्या सुट्टींत पुलगांवच्या फलाटावर उतरून, सामान व मुलें सांभाळीत, आर्वीकडे जाणाऱ्या एस. टी. च्या दाराशीं उभा आहे, त्याला या जोडींतला विनोद सहसा सांपडत नाहीं. त्याच्या प्रवासाविषयीं आणि तो ज्या घरीं किंवा ज्या लॉजमध्यें उतरणार त्याविषयीं आज बोलावयाचें आहे.

अशीं माणसें थोडीं असतात असें मात्र समजूं नये. २०१९ ते २०२१ या काळांत झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत दर शंभर स्त्रियांत सुमारें २४ व दर शंभर पुरुषांत सुमारें २३ जण उंचीच्या मानानें अधिक वजनाचे आढळले. शहरांत हेंच प्रमाण स्त्रियांत ३३ आणि पुरुषांत ३० च्या घरांत जातें. यांतील सर्वच कांहीं आसनांत न मावण्याइतके स्थूल नसतात. परंतु प्रत्येक मोठ्या कुटुंबांत एखादी आत्या, एखादे काका असे असतात, कीं सहलीचा बेत निघाला म्हणजे तीं म्हणतात, ‘तुम्ही जाऊन या, मी घर सांभाळतों.’ घर सांभाळण्याची ही हौस कोठून येते, याचा विचार आपण फारसा करीत नाहीं.

उदाहरणासाठीं वर्धा जिल्ह्यांतील रोहणा हें गांव घेऊं. आर्वी तालुक्यांतलें हें गांव पुलगांव-आर्वी वाटेवर आहे. मुंबई-हावडा या मोठ्या लोहमार्गावरील पुलगांवाहून आर्वीस जाणारा एक अरुंद लोहमार्ग १९१७ सालापासून होता. दोन रुळांतील अंतर अवघें अडीच फूट, आणि सगळी लांबी सुमारें ३५ किलोमीटर. रोहण्याचें स्टेशन याच मार्गावर होतें. ती गाडी आतां बंद पडली आहे, आणि सुट्टींत गांवीं येणारा मनुष्य पुलगांवाहून मोटारीनें येतो.

गाडीच्याहि आधीं दमणी होती, रेंगी होती. बैलगाडींत मागच्या बाजूस भार जास्त झाला कीं जूं वर उचललें जातें आणि बैलांच्या गळ्याखालची दोरी आवळते. याला उलाळ म्हणतात. भार पुढें जास्त झाला तर तें सारें ओझें बैलांच्या मानेवर येतें. म्हणून गाडीवान निघण्यापूर्वीं उतारूंना हलवून बसवी. ‘मामाजी, जरासे पुढें सरका,’ असें तो म्हणे, आणि मामाजी सरकत. त्यांत कोणाचा अपमान होत नसे, कारण धान्याच्या पोत्यालाहि तोच न्याय होता. वजन ही गाडीच्या तोलाची बाब होती, माणसाच्या शीलाची नव्हती. शिवाय त्या गाडींत आसनाला हात नव्हते, क्रमांक नव्हता आणि शेजाऱ्याची हद्द आंखलेली नव्हती. मी कांहीं बैलगाडीचे दिवस परत यावे असें म्हणत नाहीं. त्या प्रवासांत कंबर मोडे ती सर्वांचीच. पण गाडीवानाला जें सहज सांगतां येई, तें आज तिकीट-खिडकीवर कोणालाच नीट सांगतां येत नाहीं.

१ जून १९४८ रोजीं पुणें-अहमदनगर मार्गावर पहिली एस. टी. धांवली, आणि खेड्यापाड्यांचा प्रवास बांकावर आला. दोघांच्या बांकावर एक स्थूल मनुष्य बसला म्हणजे शेजारचा अर्धा बाहेर लोंबतो, आणि तो सारा वेळ एका शब्दानेंहि न बोलतां आपली नाराजी बोलून दाखवितो. आगगाडींत त्रास निराळा. तीन मजली डब्यांत मधला बर्थ रात्रीं दहापासून सकाळीं सहापर्यंत उघडावा असा नियम आहे. तो उघडला कीं खालच्याला ताठ बसतां येत नाहीं, आणि ज्याला वरचा बर्थ मिळाला त्याच्या नशिबीं शिडी. खालच्या बर्थांचा कांहीं वांटा वृद्धांसाठीं, पंचेचाळीस वर्षांवरील स्त्रियांसाठीं व गरोदर स्त्रियांसाठीं राखलेला असतो. केवळ वजनाच्या कारणानें खालची जागा मिळण्याची सोय त्यांत नाहीं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यांत एकवीस प्रकार नमूद आहेत, त्यांतहि स्थूलता नाहीं. ती असावी असा माझा आग्रह नाहीं. अनेक स्थूल माणसांना तें नांव आवडणारहि नाहीं. परंतु खालच्या बर्थासाठीं सबंध डब्यापुढें आर्जव करावें लागूं नये, एवढें तर न्याय्य आहे.

येथून पुढचा प्रश्न भाड्याचा, आणि खरी कसोटी तेथेंच लागते. भाडें माणशीं घ्यावें कीं वजनावर? गिरनारच्या हजारों पायऱ्या डोलींतून चढणाऱ्या यात्रेकरूचें वजन करून त्याप्रमाणें डोलीचा दर ठरवितात. केदारनाथच्या हेलिकॉप्टरला ८० किलोच्या वर प्रत्येक किलोमागें जादा आकार घेण्याची पद्धत आहे. २०१३ सालीं सामोआ बेटांतील एका विमान कंपनीनें तर तिकिटेंच किलोच्या भावानें विकण्यास सुरुवात केली. याच्या अगदीं उलट कॅनडांत घडलें. जानेवारी २००८ मध्यें तेथील परिवहन प्राधिकरणानें निर्णय दिला कीं, ज्याची स्थूलता अपंगत्वाच्या पायरीला पोंचली आहे, त्याला देशांतर्गत प्रवासांत दुसरें आसन लागल्यास त्याचें भाडें घेतां येणार नाहीं. विमान कंपन्या वरच्या न्यायालयांत गेल्या, पण त्या वर्षाच्या नोव्हेंबरांत सर्वोच्च न्यायालयानें त्यांचें अपील ऐकण्याचें नाकारलें आणि जानेवारी २००९ पासून निर्णय अंमलांत आला. ‘एक माणूस, एक भाडें’ असें त्या धोरणाचें नांव. अमेरिकेंतील साउथवेस्ट कंपनी बरींच वर्षें दुसऱ्या आसनाचे पैसे मागून परत करीत असे. जानेवारी २०२६ पासून तिनें त्या अटी कडक केल्या आहेत.

यांत योग्य काय? माझ्या मतें ओझें कोण वाहतो, हें आधीं पाहावें. डोली माणसांच्या खांद्यावर असते. माथेरानांत मोटारींना बंदी असल्यामुळें तेथें माणूस ओढीत असलेल्या रिक्षा दीर्घकाळ चालल्या. ऑगस्ट २०२५ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें त्या सहा महिन्यांत बंद करून रिक्षावाल्यांना विजेवरच्या रिक्षा द्याव्या असें फर्माविलें. जेथें दुसऱ्याचा देह झिजतो तेथें वजनाप्रमाणें मोबदला देणें हा त्या देहाचा मान आहे, आणि तो मुकाट्यानें द्यावा. हेलिकॉप्टराची गोष्ट वेगळी. तें लहान यंत्र, उंच हवा विरळ, तेथें किलोचा हिशेब जिवाशीं बांधलेला. परंतु शेंकडों उतारू वाहणाऱ्या मोठ्या विमानांत किंवा आगगाडींत दहावीस किलोंचें ओझें कोणाच्याच खांद्यावर पडत नाहीं. तेथें अडचण वजनाची नसून रुंदीची असते, आणि ती रुंदी कंपनीनेंच ठरविलेली असते. विमानाचें साधें आसन सतरा-अठरा इंच असतें. तें एकोणीस इंच केलें तर एका रांगेंतील एक आसन कमी होईल, हा हिशेब उतारूच्या पोटाचा नाहीं, मालकाच्या गल्ल्याचा आहे.

आतां उतरण्याच्या जागेकडे वळूं. स्थूल माणसांना सुट्टीसाठीं बोलावणाऱ्या जागा आपल्याकडे आहेत, परंतु त्या बहुतेक बारीक करण्याच्या आहेत. लोणावळ्याचें कैवल्यधाम १९२४ सालचें. उरुळीकांचनचा निसर्गोपचार आश्रम गांधीजींनीं १९४६ मध्यें सुरू केला. दोन्ही संस्थांचें कार्य मोठें आहे, आणि तेथें जाऊन पुष्कळांना बरें वाटलें आहे. तथापि उपचार निराळा आणि सुट्टी निराळी. सडपातळ मनुष्य महाबळेश्वरीं जातो तो स्ट्रॉबेरी खाण्यासाठीं. स्थूल माणसानें मात्र सुट्टींतहि काकडीचा रस प्यावा, अशी आपली अपेक्षा असते. २००३ सालीं मेक्सिकोच्या कॅरिबियन किनाऱ्यावर ‘फ्रीडम पॅरडाईज’ नांवाचें निवासगृह निघालें, त्याचा रोख उलटा होता: आहे त्या अंगानें येऊन मोकळेपणें राहा. रुंद आणि भक्कम खुर्च्या, मोठे पलंग, ऐसपैस स्नानगृहें, एवढाच त्या कल्पनेचा गाभा. त्यांत सुताराला व गवंड्याला न समजण्यासारखें कांहींच नाहीं.

आपल्या लॉजमधील वस्तूंनीं मनांत धरलेला मनुष्य केवढा असतो, हें पाहावयाचें असल्यास लिफ्टमधील पाटी वाचावी. ‘सहा माणसें, ४०८ किलो’ असें बहुधा लिहिलेलें असतें. भागाकार केला तर एका माणसाच्या वांट्यास ६८ किलो येतात. लिफ्टनें निदान आपला हिशेब लिहून तरी ठेवला आहे. खुर्ची तो लिहीत नाहीं, मोडून सांगते.

प्लास्टिकची ओतीव खुर्ची हीच स्थूल माणसाची पहिली वैरीण. गुळगुळीत फरशीवर तिचे पाय हळूहळू फांकतात आणि मग एकदम बसतात. तिच्याऐवजीं लांकडी किंवा लोखंडी, बिनहातांचा बांक ठेवावा. येथें एक पेंच आहे तो सांगतों. हात नसलेल्या खुर्चींत बसणें सोपें, पण गुडघे दुखत असल्यास उठणें अवघड. हातांवर जोर देऊनच उठतां येतें. म्हणून एक बांक बिनहातांचा आणि एक खुर्ची हातांची, पण दोन हातांमध्यें निदान दोन फूट अंतर असलेली, अशा दोन्ही हव्यात. बैठकीची उंची अठरा इंचांच्या आसपास असावी. खालच्या, रुतणाऱ्या कोचावर पाहुण्याला बसविणें म्हणजे त्याला कैद करणें होय. नवारीच्या किंवा सुंभाच्या बाजेचेंहि तसेंच: ती भार चांगला पेलते, झोपही गाढ लागते, पण मध्यें झोळ पडल्यामुळें पहांटे उठतांना हाताला धरावयाला कांहीं नसतें. भिंतीशीं लावली म्हणजे निम्मी अडचण जाते.

खरी परीक्षा न्हाणीघरांत. दार बहुधा दोन-अडीच फूट रुंद असतें आणि तें आंत उघडतें. स्थूल मनुष्य आंत घसरून पडला तर त्याच्याच देहानें दार अडतें, आणि बाहेरच्यांना मदत करतां येत नाहीं. दार बाहेर उघडणारें करण्यास फारसा खर्च नाहीं. भिंतींतून निघणारा अधांतरी कमोड आंतील लोखंडी चौकटीच्या बळावर उभा असतो. ती चौकट नीट बसविली आहे अशी खात्री नसेल तर जमिनीवर टेकलेला कमोड अधिक विश्वासाचा. शेजारीं भिंतींत खिळवलेली मजबूत आडवी कांब हवी. ती नसली म्हणजे माणूस टॉवेलच्या दांडीला धरतो, आणि दांडी हातांत येते. अंघोळीस बसावयाला रुंद पायांचें लांकडी स्टूल ठेवावें. आणि टॉवेल मोठा द्यावा. एवढ्याशा पंच्यांत अंग गुंडाळून ओल्या फरशीवरून बाहेर येण्याची पाळी ज्यावर आली नाहीं, त्याला ही बाब क्षुल्लक वाटेल.

खोली तळमजल्यावर असणें हें या सर्वांहून महत्त्वाचें. तालुक्याच्या गांवांतलीं लॉज पुष्कळदा दुकानांच्या माडीवर असतात आणि जिना उभा असतो. म्हणून जाण्यापूर्वीं फोनवर चार प्रश्न विचारावे: खोली खालीं आहे काय, कमोड जमिनीवर आहे काय, न्हाणीचें दार किती रुंद आहे, आणि पलंग एकसंध आहे कीं दोन जोडलेले. जोडलेले पलंग रात्रीं दुभंगतात. २०१४ मध्यें व्याघ्रप्रकल्प झालेलें बोरचें जंगल याच जिल्ह्यांत आहे. तेथें सफारी करावयाची तर उघड्या जीपची पायरी फार उंच असते, तेव्हां सोबत एक भक्कम पाट न्यावा. सेवाग्रामांत कुटी पाहतांना भुईवर बसण्याची रीत आहे. बसून उठतां येत नसेल तर उभ्यानेंच नमस्कार करावा, त्यांत उणें कांहीं नाहीं.

प्रकृतीविषयीं दोन शब्द. चार तासांहून अधिक बसून प्रवास केल्यास पायांच्या शिरांत रक्ताची गांठ होण्याचा धोका सुमारें दुप्पट होतो, असें जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७ च्या अहवालांत आहे; हा धोका एरवीं अल्प असला तरी स्थूलतेनें तो आणखी वाढतो. तासा-दीड तासानें उठून फिरावें, बसल्या जागीं घोटे हलवावे, पाणी प्यावें. न्हाणीची अडचण टाळण्यासाठीं पाणीच न पिणारे लोक मीं पाहिले आहेत; वैशाखांत, पारा पंचेचाळीसच्या वर जात असतां, हा मार्ग घातक आहे. वर्ध्याकडचा प्रवास शक्यतों पहांटे उरकावा, आणि सुट्टी दिवाळीची असेल तर अधिकच बरें.

राहतां राहिला यजमान. रोहण्यासारख्या गांवीं पाहुणा लॉजमध्यें उतरत नाहीं, तो मामाच्या घरीं उतरतो. तेथील उंबरठा उंच, दाराची चौकट अरुंद आणि माया उदंड. पाहुणा यावयाचा असेल तर बंगईच्या कड्या व साखळ्या आधीं तपासून घ्याव्या, कारण तो ओसरीवर येऊन पहिल्यानें तिच्याकडेच पाहतो आणि मग खांबाला टेकून उभा राहतो. गणपतीची मोठी मूर्ति आणावयाची असली म्हणजे आपण दाराचें माप आधीं घेतों. दार लहान निघालें म्हणून लंबोदराला कोणी बोल लावीत नाहीं. मामींनीं पंगतीच्या पाटाबरोबर एक टेबल-खुर्चीहि मांडून ठेवावी, आणि तिच्यावर अगोदर घरांतल्याच एका वडीलधाऱ्यास बसवावें, म्हणजे ती खुर्ची पाहुण्यासाठीं मुद्दाम आणली असें दिसणार नाहीं. ‘किती सुटलास रे!’ हें वाक्य स्वागतांतून वगळावें. आणि चौथी पोळी आग्रहानें वाढून पाठीमागें त्याच पोळीची चर्चा करूं नये.