निमुळत्या फळीची तीन शतके

शिडाच्या जहाजाची लाकडी प्रतिकृती पाहणारे लोक डोलकाठ्या, दोरखंड, तोफा आणि नाळेवरील कोरीव मूर्ती यांचीच वाखाणणी करीत असले, तरी ती घडवणाऱ्याची खरी परीक्षा या सर्व शोभेच्या खाली, जहाजाच्या पोटावर फळ्या जडवताना होत आली आहे; आणि गेल्या तीन-साडेतीन शतकांत या फळीकामाच्या ज्या पद्धती निघाल्या, रूढ झाल्या आणि मागे पडल्या, त्यांचा मागोवा घेऊ लागले म्हणजे ध्यानात येते की त्यांतील बहुतेकींचा उगम एका कंटाळवाण्या कर्तव्यातून सुटका करून घेण्याच्या इच्छेत आहे. ते कर्तव्य म्हणजे प्रत्येक फळी टोकाकडे मापाने निमुळती करणे.

अडचण भूमितीची आहे. जहाजाचे पोट मध्यभागी फुगलेले, नाळेकडे आवळत गेलेले आणि पिछाडीला पाण्याखाली चिंचोळे होऊन वर पुन्हा पसरलेले असते. फळी मात्र सरळ आणि सपाट. कण्यापासून कठड्यापर्यंत पोटाच्या वळणावरून कागदाची पट्टी फिरवली आणि ती मध्यभागी १५० मिलिमीटर, तर नाळेपाशी ९० मिलिमीटर भरली, तर मध्यभागी सहा मिलिमीटर रुंदीच्या ज्या २५ ओळी ऐसपैस बसतात, त्यांच्या वाट्याला नाळेपाशी प्रत्येकी ३.६ मिलिमीटरच जागा येते. घेरदार अंगरख्याच्या कळ्या कमरेकडे निमुळत्या कापाव्या लागतात, तशातलाच हा प्रकार. फरक इतकाच की कापड ओढले असता थोडेफार ऐकते. फळी पृष्ठावर सहज वाकते, पीळही सोसते, परंतु तिला कडेच्या अंगाने वाकवू गेल्यास तिची एक कड उचलून उभी राहते आणि शेजारणीवर चढू पाहते.

सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडच्या आरमाराचा कारभार ज्या मंडळाकडे होता, त्याच्या अमदानीत फुटाला पाव इंच, म्हणजे अठ्ठेचाळिसास एक, या प्रमाणाच्या ज्या प्रतिकृती घडल्या, त्यांच्या कारागिरांनी हा प्रश्न मोठ्या ऐटीत बाजूला सारला. पाण्याच्या रेषेजवळच्या जाड पट्ट्याखाली त्यांनी फळ्या लावल्याच नाहीत. नाशपातीसारख्या फळझाडांच्या लाकडाच्या फासळ्या एकाआड एक उघड्या ठेवल्या आणि त्यांतून पाहणाऱ्याची नजर जहाजाच्या अंतरंगात जाऊ दिली. ही फासळ्यांची रचना खऱ्या जहाजाची हुबेहूब नक्कल नसून तिचे एक संकेतबद्ध, डौलदार रूप होते. या प्रतिकृती वरिष्ठांच्या मंजुरीसाठी होत असत की बड्या आश्रयदात्यांच्या दिवाणखान्यांसाठी, याविषयी विद्वानांत एकवाक्यता नाही. परंतु शिक्षणासाठी प्रतिकृतीचा उपयोग होई हे निश्चित, कारण आरमारी दप्तराचा पुढे सर्वेसर्वा झालेला सॅम्युअल पीप्स १६६२ साली प्रतिकृती पुढे ठेवूनच जहाजाचे अवयव शिकला, अशी त्याच्या रोजनिशीची साक्ष आहे. आज या प्रतिकृती ग्रीनिचच्या संग्रहालयात आणि अमेरिकेतील ॲनापोलिसच्या नाविक प्रबोधिनीत पाहावयास मिळतात. अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत उघड्या फासळ्यांचा हा शिरस्ता हळूहळू मोडत गेला.

यानंतरचा एक चमत्कारिक अध्याय बंदिवासात लिहिला गेला. नेपोलियनच्या युद्धांत पकडलेले फ्रेंच कैदी पीटरबरोजवळच्या नॉर्मन क्रॉस येथील छावणीत वर्षानुवर्षे खितपत पडले असता शिध्यातील मांसाची हाडे जपून ठेवीत, त्यांच्या पट्ट्या कापून लाकडी गाभ्यावर बारीक पितळी टाचण्यांनी जडवीत, आणि अशी जहाजे छावणीच्या फाटकापाशी भरणाऱ्या बाजारात विकून चार पैसे गाठीशी बांधीत. हाड आखूड असल्याने फळीही आखूड होई. मग ती निमुळती करण्याचे काम तुकड्यातुकड्यांवर वाटले जाई. प्रमाणबद्धतेच्या दृष्टीने ही जहाजे सदोष आहेत, पण तज्ज्ञांनी त्याबद्दल नाके मुरडावीत हे मला नेहमीच अप्रशस्त वाटत आले आहे.

एकोणिसाव्या शतकाविषयी फारसे सांगण्यासारखे नाही. या कलेला हौशी लोकांचा मोठा आश्रय मिळाला तो वाफेने शिडाला समुद्रावरून हुसकावून लावल्यानंतर, पहिल्या महायुद्धाच्या पुढील काळात. त्या वेळी बहुतेकांची मजल ठोकळा कोरून जहाज करण्यापर्यंतच होती. अमेरिकेतील चार्ल्स डेव्हिस याने १९२६ आणि १९३३ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांनी खऱ्या गोदीची रीत घरच्या मेजावर आणली. इंग्लंडात नेपियन लाँगरिज या शस्त्रवैद्याने नेल्सनच्या ‘व्हिक्टरी’ जहाजाची प्रतिकृती घडवून तिच्या आधारे १९५५ साली ग्रंथ लिहिला, तर ग्लासगोच्या हॅरॉल्ड अंडरहिलने १९५८ आणि १९६० साली दोन खंडांत ‘लेऑन’ नावाच्या दोन डोलकाठ्यांच्या व्यापारी जहाजाचा सांगाडा फासळीपासून फळीपर्यंत कसा उभारावा याचे सांगोपांग विवेचन केले.

या मंडळींनी गोदीचे कायदे प्रतिकृतीलाही लागू केले. प्रत्येक मुख्य फासळीवर कागदी पट्टीने घेर मोजावयाचा, त्याचे ठरल्या संख्येइतके समान भाग पाडावयाचे, त्या खुणांवरून काळा दोरा नाळेपासून पिछाडीपर्यंत ताणून तो डोळ्याला कोठे खटकत नाही ना हे दुरून पाहावयाचे, आणि मगच पहिल्या फळीला हात घालावयाचा. खऱ्या जहाजावर २४ फुटांची फळी असेल, तर अठ्ठेचाळिसाव्या प्रमाणात ती सहा इंचांची. दोन फळ्यांचा सांधा एका फासळीवर आला की त्याच फासळीवर पुन्हा सांधा येण्यापूर्वी मध्ये तीन ओळी अखंड गेल्या पाहिजेत. नाळेपाशी फळी तिच्या रुंदीच्या निम्म्याहून कमी होऊ लागली, तर दोन ओळी तेथेच एका फळीत विलीन करावयाच्या. उलट पिछाडीला जागा उरली, तर पाचरीसारखी जादा फळी घालावयाची. ‘उरेल ते पुढे पाहू’ या वृत्तीला येथे थारा नाही, कारण पहिल्या ओळीतील अर्ध्या मिलिमीटरची हयगय पंधराव्या ओळीपर्यंत व्याजासकट वसूल होते.

नेमक्या याच सुमारास, म्हणजे १९५०च्या दशकाच्या अखेरीपासून, डेन्मार्क, इटली आणि पुढे स्पेन येथील कारखानदारांनी तयार साहित्याच्या पेट्या बाजारात आणल्या. अंडरहिलच्या दाट फासळ्यांच्या जागी प्लायवूडचे मोजके आडवे पडदे आले आणि एकाच रुंदीच्या सरळ पट्ट्यांचा जुडगा हाती आला. पट्ट्या निमुळत्या करण्याच्या कटकटीवर तोड म्हणून दुहेरी फळीकाम निघाले: आतला थर मऊ लाकडाचा, त्यात फटी राहिल्या तर लांबी भरून काचकागद मारावयाचा, आणि वर अर्ध्या ते एक मिलिमीटर जाडीच्या अक्रोडाचा दुसरा थर चढवावयाचा. चिकटवण्यासाठी सरसाची भांडी तापवण्याचे कारण उरले नाही. पांढरा डिंक आला आणि मागाहून क्षणात पकडणारा सायनोॲक्रिलेटही आला. या पेट्यांनी हजारो लोकांना या छंदाची गोडी लावली, आणि तेवढ्यासाठी त्यांचे ऋण मान्य केलेच पाहिजे. परंतु पूर्ण रुंदीच्या पट्ट्या जशाच्या तशा लावून राहिलेल्या जागेत अणकुचीदार त्रिकोणी तुकडे खुपसण्याची जी शिकवण कित्येक पेट्यांतील सूचनापत्रांनी दिली, तिचे समर्थन करणे कठीण आहे. अशा जहाजाच्या नाळेकडे जवळून पाहावे: फळ्यांच्या रेषा सुकाणूकडून समजूतदारपणे येतात आणि गालापाशी येताच एकदम वर उसळतात, एकीची कड दुसरीवर चढलेली असते, आणि मधल्या सुईसारख्या पाचरी रंगाखालीही लपत नाहीत. कोणत्याही गोदीतल्या सुताराने असे जहाज पाण्यात लोटू दिले नसते, कारण सुईच्या अग्रात खिळा ठोकता येत नाही.

या सोईच्या विरुद्ध प्रतिक्रिया उमटणे क्रमप्राप्त होते. अमेरिकेत हॅरॉल्ड हान याने वसाहतकालीन लहान जहाजांच्या प्रतिकृतींसाठी सांगाडा उलटा, कणा वर करून एका भक्कम पाटावर बसवण्याची युक्ती रूढ केली आणि १९८१ च्या आपल्या ग्रंथात ती विशद केली. फासळ्या पाटात रोवलेल्या असल्याने त्या हलत नाहीत. त्यानंतरच्या पिढीने दोन मार्ग चोखाळले. एक जुना: रुंद पातळ तक्त्यावर कर्कटकाने शेजारच्या फळीचा बाक उतरवून घ्यावयाचा आणि फळी वक्रच कापावयाची, लाकूड बरेच वाया जाते, पण फळी जागेवर निमूट बसते. दुसरा थोडा धाडसी: पट्टी भिजवून, दोन्ही टोके चापात धरून तिला कडेच्या अंगाने बळेच बाक द्यावयाचा आणि वरून इस्त्रीची ऊब देऊन तो कायम करावयाचा. दोन्हींत रंधा आणि मोजपट्टी सुटत नाहीत.

लाकडाच्या निवडीबाबत आपल्याशी निगडित अशी एक गंमत येथे नमूद करण्याजोगी आहे. १२ ऑक्टोबर १८१७ रोजी मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्याच्या देखरेखीखाली पाण्यात उतरलेली ‘त्रिंकोमाली’ ही इंग्रज आरमाराची फ्रिगेट आजही इंग्लंडात हार्टलपूल येथे तरंगते आहे. तिचे पहिले नकाशे घेऊन निघालेले ‘जावा’ हे जहाज १८१२ साली अमेरिकनांनी जिंकून नष्ट केल्यामुळे ते पुन्हा पाठवावे लागले होते. ‘त्रिंकोमाली’ टिकली ती मलबारी सागवानामुळे. पण तिची प्रतिकृती करणाऱ्याने तोच साग वापरू नये, कारण त्याची रंध्रे लहान प्रमाणात भगदाडांसारखी दिसतात आणि अंगच्या तेलामुळे डिंकही नीट धरत नाही. बारीक पोताची नाशपाती किंवा बॉक्सवूड यांना म्हणूनच मान आहे. आपल्याकडचे पिवळसर, एकसारख्या पोताचे हेदूही या कामाला लायक आहे असे माझे मत आहे. आणखी एक गोष्ट प्रतिकृतिकारांच्या नजरेतून सुटते. सुरत-मुंबईकडच्या कारागिरांच्या फळ्या नुसत्या कडेला कड भिडवलेल्या नसून एकमेकींच्या खाचेत बसवलेल्या असत, असे अठराव्या शतकातील युरोपीय प्रवाशांनी कौतुकाने लिहून ठेवले आहे. सहा मिलिमीटरच्या फळीला अशी खाच पाडण्याच्या भरीस पडणारा कोणी आढळला, तर त्याचे काम अवश्य पाहावे.

अलीकडच्या काळात लेझर किरणाने कापलेले साहित्य मिळू लागले असून त्यात वक्र फळ्या आकार देऊनच येतात. तरीही लेझर काटकोनात कापतो आणि फळीची कड मात्र शेजारणीला मिळण्यासाठी किंचित तिरपी तासावी लागते, शिवाय ही तिरीप नाळेपासून पिछाडीपर्यंत सारखी बदलत जाते. म्हणजे कानस हातात घेणे आलेच. लेझरच्या दाहाने फळीची कड करपून काळी होते. काटेकोर लोक ती काचकागदाने साफ करतात, आणि आळशी लोक ती तशीच राहू देऊन गोदीतल्या राळेने बुजवलेल्या फटींचा भास झाला म्हणून समाधान मानतात.