रुग्ण नसतानाचा खर्च

घोडपदेवच्या रामभाऊ भोगले मार्गावर उभे राहिले की थोडक्या परिसरात जमिनीचे पाच-सहा मालक भेटतात. जुन्या चाळी, त्यांच्याशेजारी वर गेलेले पुनर्विकासाचे मनोरे, न्यू हिंद मिलच्या जागेवर म्हाडाने गिरणी कामगारांसाठी बांधलेल्या इमारती, पूर्वेला हार्बर मार्गाचे रूळ आणि त्यांच्यापलीकडे बंदराची गोदामे. मालक वेगवेगळे असले तरी इथल्या पाण्याच्या टाक्यांत अंडी घालणारा हिवतापाचा डास एकच आहे : ॲनॉफिलीस स्टीफेन्साय. त्याच्या मागावर बारा महिने असते ते मुंबई महानगरपालिकेचे कीटकनाशक खाते. घोडपदेव या खात्याच्या ई विभागात मोडते. भायखळा, माझगाव, आग्रीपाडा आणि नागपाडा हे त्याचे सोबती.

या खात्यावर जे काही लिहिले जाते ते धूर सोडणाऱ्या यंत्रावर. मला लिहायचे आहे ते त्याच्या पैशाविषयी. आपल्या देशात हिवताप कधी ओसरला आणि कधी उसळला हे पाहत गेले, तर डासाइतकाच जमाखर्चही समोर येतो.

स्टीफेन्सायला गटार आवडत नाही. गटारातला डास क्युलेक्स. तो चावतो, झोप मोडतो, पण हिवताप देत नाही. स्टीफेन्सायला स्वच्छ, साचलेले पाणी लागते : गच्चीवरची झाकण फुटलेली टाकी, जुनी विहीर, बांधकामाच्या तळघरात साठलेले पाणी, स्लॅब भिजवण्यासाठी केलेली आळी. अंड्यापासून पंख फुटेपर्यंत त्याला साधारण आठवडा ते दहा दिवस लागतात. म्हणून प्रत्येक टाकीवर आठवड्याला एकदा माणूस पोहोचला पाहिजे. टेमिफॉस हे अळीनाशक दहा लिटर पाण्यात अवघे अडीच मिलिलिटर मिसळायचे असते. म्हणजे औषध थोडे, चढउतार फार. या कामाचा खरा खर्च औषधाच्या बाटलीत नसून जिना चढणाऱ्या माणसाच्या पगारात आहे, आणि खात्याचा अर्थसंकल्प वाचणाऱ्याने आधी हेच ध्यानात घ्यावे.

नागरिकांची मागणी मात्र धुराची असते. धूर दिसतो, वासाने कळतो, वस्तीत कुणी तरी काम केले याची खात्री पटते. त्याने उडते डास काही काळ कमी होतात. टाकीतल्या अळीला तो शिवतही नाही. कुणाच्याही नजरेस न पडता टाकीचे झाकण उचलून पाहणाऱ्या कामगारासाठी कोणी मोर्चा काढत नाही. हिवतापाचा पैसा सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याची पहिली कसोटी इथेच लागते : दिसणाऱ्या कामाचा रेटा सोसायचा आणि न दिसणाऱ्या कामाचा निधी राखायचा.

हे भांडण जुने आहे. डॉ. चार्ल्स बेंटली यांनी मुंबईतल्या हिवतापाची कारणे शोधून १९११ साली अहवाल दिला आणि बोट ठेवले ते घराघरांतल्या विहिरींवर. त्या बुजवायच्या किंवा डास शिरणार नाही अशा बंद करायच्या, असा त्याचा अर्थ होता. अनेक विहिरी पूजेच्या होत्या. पारशी, हिंदू, जैन, सगळ्याच समाजांतून हरकती आल्या आणि कित्येक विहिरींवर जाळीची झाकणे बसवून मार्ग काढावा लागला. पुढे गॉर्डन कोव्हेल यांचा १९२८चा मुंबईवरील अहवाल आला. त्यातही भर साठवणीच्या पाण्यावर आणि ते तपासणाऱ्या कायम यंत्रणेवर होता. टाकी डासप्रतिबंधक हवी, तिच्यापर्यंत पोहोचायला शिडी हवी, ही सक्ती या शहराने कायद्यात आणली. मुंबई महानगरपालिका अधिनियम १८८८ मधले कलम ३८१ आजही वापरात आहे. टाकीत अळी सापडली की ‘तीनशे एक्याऐंशीची नोटीस’ निघते, आणि ती पाळली नाही तर प्रकरण न्यायालयात जाते. मला ही रचना फार शहाणपणाची वाटते. मालकाच्या टाकीचा खर्च मालकाने करायचा आणि तपासणीचा खर्च शहराने, अशी वाटणी तिने शंभर वर्षांपूर्वी करून ठेवली.

देशपातळीवरची गोष्ट वेगळ्या वाटेने गेली. १९४६ साली मुंबई प्रांतात डॉ. डी. के. विश्वनाथन यांनी कारवार आणि धारवाडच्या बाजूला डीडीटीची फवारणी मोठ्या प्रमाणावर सुरू केली. स्वातंत्र्याच्या वेळी देशात वर्षाला साडेसात कोटी लोकांना हिवताप होतो आणि आठ लाख दगावतात, असा अंदाज होता. १९५३ मध्ये राष्ट्रीय नियंत्रण कार्यक्रम आला, १९५८ मध्ये त्याचे निर्मूलन कार्यक्रमात रूपांतर झाले. अमेरिकेच्या मदतीने डीडीटी येत होती. १९६५ पर्यंत रुग्ण एका लाखावर आले आणि मृत्यूची नोंद शून्यावर.

यश हाताशी आले आणि तिथेच हिशेब बिघडला. आजारच उरला नाही तर त्यावर खर्च कशाला, हा प्रश्न कोणत्याही वित्त विभागाला पडतो तसा पडला. परदेशी मदत आटली. डास डीडीटीला दाद देईनासे झाले. पर्यायी औषधे महाग होती, त्यात १९७३ नंतर तेलाचे भाव चढले. १९७६ साली देशात ६४ लाखांवर रुग्ण नोंदले गेले. या उसळीमागे निधीची ओढाताण हे एकच कारण नव्हते; पण ज्या वर्षी रुग्ण सर्वांत कमी, त्याच वर्षी कामगार, औषध आणि तपासणी तशीच चालू ठेवायची हिंमत कोणी दाखवली नाही, हे त्यातले सर्वांत टाळता येण्यासारखे कारण होते.

शहरांकडे तोवर दुर्लक्षच झाले होते. घरांच्या भिंतींवर डीडीटी मारण्याचा खेड्यातला उपाय शहरातल्या टाक्यांना लागू नव्हता. म्हणून १९७१ मध्ये नागरी हिवताप योजना आली. पुढे ती १३१ शहरांपर्यंत गेली. तिची ढोबळ मांडणी अशी : अळीनाशकाचा भार केंद्र आणि राज्याने उचलायचा, माणसांचा आणि रोजच्या कामाचा खर्च मुख्यतः स्थानिक संस्थांनी भागवायचा. ज्या शहरात माणसांसाठी पैसा नाही तिथे केंद्राकडून आलेले पिंप गोदामातच राहते. अनुदान वस्तूच्या रूपाने मिळते तेव्हा नेहमीच हा धोका असतो.

आज अनुदानाचा प्रवास असा होतो. राज्य आपल्या गरजा राष्ट्रीय आरोग्य अभियानाच्या वार्षिक आराखड्यात मांडते. केंद्राशी चर्चा होऊन मंजुरी येते. २०१५-१६पासून बहुतेक राज्यांसाठी केंद्राचा वाटा ६० टक्के आणि राज्याचा ४० टक्के आहे. महाराष्ट्रात या कामाची सूत्रे पुण्याच्या सहसंचालक कार्यालयाकडे आहेत. त्याच्या नावातच हिवताप, हत्तीरोग आणि जलजन्य रोग असे तीन आजार आहेत. मंजूर रक्कम ठरलेल्या लेखाशीर्षाखालीच खर्च करावी लागते. प्रशिक्षणाचे पैसे शिडीला चालत नाहीत, शिडीचे पैसे रक्ततपासणीला चालत नाहीत. खर्च झाला की उपयोगिता प्रमाणपत्र द्यायचे. ते वेळेवर गेले नाही तर पुढचा हप्ता अडतो. शिल्लक राहिली तर पुढच्या वर्षी मागणी कापली जाते.

या शिस्तीला माझा विरोध नाही. सार्वजनिक पैशाचा हिशेब कडकच हवा. पण आर्थिक वर्ष एप्रिलला सुरू होते आणि पाऊस जूनमध्ये येतो. मंजुरी आणि हप्ता यांना दोन-तीन महिने लागले की पैसा पोहोचतो तो जुलै-ऑगस्टमध्ये, म्हणजे हिवताप भरात असताना. टाक्या दुरुस्त करायचे महिने एप्रिल आणि मे. पावसाआधी मिळालेला एक रुपया आणि पावसानंतर मिळालेला एक रुपया यांची वहीतली किंमत सारखी असली, तरी टाकीवरची किंमत सारखी नसते. आणि पावसानंतर मिळालेला पैसा मार्चअखेर घाईने संपवावा लागतो तो वेगळाच.

मुंबईचे बळ इथे दिसते. महापालिकेचा अर्थसंकल्प आयुक्त फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात मांडतात, आणि २०२५-२६चा आकडा ७४ हजार कोटींच्या वर होता. कीटकनाशक खात्याचे कामगार, मुकादम आणि अधिकारी यांचे पगार कोणत्याही परदेशी अनुदानावर अवलंबून नाहीत. पाऊस पडो न पडो, रुग्ण असो नसो, घोडपदेवच्या गच्चीवर माणूस चढतो तो शहराच्या करातून. हिवतापाविरुद्ध मुंबईकडे असलेले सर्वांत मोठे साधन मी यालाच म्हणेन.

तरीही २०१० साल विसरता येत नाही. त्या वर्षी मुंबईत ७६ हजारांवर रुग्ण नोंदले गेले आणि १४५ माणसे दगावली. गिरण्यांच्या आणि जुन्या चाळींच्या जागांवर बांधकामे जोरात होती, तळघरांत पाणी साठलेले, आणि तिथेच राहणारे मजूर गावाहून अंगात जंतू घेऊन येत आणि इथून घेऊन जात. त्यानंतर बांधकामांच्या जागा हा तपासणीचा मुख्य भाग झाला. मजुरांची रक्ततपासणी आणि जागेवरचे डासनियंत्रण यांची जबाबदारी विकासकावर टाकली गेली. पुढच्या वर्षांत आकडा उतरत गेला आणि २०२२ मध्ये तो चार हजारांच्या आसपास होता. २०२३ मध्ये तो सात हजारांपुढे गेला. यात खासगी रुग्णालयांकडून जास्त नोंदी येऊ लागल्या याचाही वाटा आहे. म्हणूनच नुसता चढता-उतरता आकडा पाहून तरतूद वाढवू किंवा घटवू नये. किती लोकांचे रक्त तपासले, त्यातले किती दूषित निघाले, आणि किती टाक्यांत अळी सापडली, हे तिन्ही एकत्र पाहावे लागते.

रुग्णाच्या उपचारातही पैशाचा एक छुपा भाग आहे. व्हायव्हॅक्स हिवतापात क्लोरोक्विनचे तीन दिवस सगळे पूर्ण करतात, कारण ताप उतरतो. यकृतात दडलेला जंतू मारणारे प्रायमाक्विन चौदा दिवस घ्यावे लागते, आणि पाचव्या दिवशी बरे वाटणारा मजूर दुसऱ्या कामावर निघून जातो. गोळी स्वस्त आहे. चौदा दिवस त्याच्या दारात जाणारी आरोग्य स्वयंसेविका हाच खर्च आहे, आणि काटकसरीची वेळ आली की पहिली कात्री तिच्या मानधनावर चालवण्याचा मोह होतो.

जगभरात हीच कथा मोठ्या अक्षरांत लिहिली जात आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने २०२३ मध्ये हिवतापाने ५ लाख ९७ हजार माणसे मेली. त्या वर्षी या आजारासाठी सुमारे ८३० कोटी डॉलर हवे होते, मिळाले ४०० कोटी. २०२५च्या सुरुवातीला अमेरिकेने परदेशी मदत थांबवली तेव्हा आफ्रिकेतल्या अनेक देशांतले कार्यक्रम अडखळले. आणि आपला स्टीफेन्साय २०१२ मध्ये जिबूतीत आढळला. तिथून तो इथिओपिया आणि सुदानच्या शहरांत पसरला. जी टाकी मुंबईने शंभर वर्षांपूर्वी कायद्याने झाकायला सांगितली, तीच टाकी आता तिथल्या आरोग्य खात्यांपुढे प्रश्न म्हणून उभी आहे. त्यांना शिकवण्यासारखे मुंबईजवळ खूप आहे.

घोडपदेवसारख्या भागात शेवटचा प्रश्न उरतो तो अनेक मालकांचा. रेल्वेच्या हद्दीतले पाणी रेल्वेचे, बंदराच्या गोदामावरचे बंदराचे, म्हाडाच्या इमारतीचे म्हाडाचे किंवा रहिवाशांचे. यासाठी महापालिकेत डास निर्मूलन समिती आहे. आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली या सगळ्या यंत्रणा पावसाळ्याआधी एकत्र बसतात. पण बैठकीत ठरलेले काम करायला त्या-त्या यंत्रणेच्या स्वतःच्या अर्थसंकल्पात तरतूद लागते. माझ्या मते प्रत्येक सार्वजनिक यंत्रणेने टाक्यांची झाकणे आणि शिड्या यांसाठी वेगळे लेखाशीर्ष ठेवावे आणि ते जाहीर करावे. इमारत देखभालीच्या सरसकट रकमेत हे काम नेहमी शेवटी राहते.

तसेच एक लेखाशीर्ष आपल्याही हातात आहे. तुमच्या सोसायटीची वार्षिक सभा होईल तेव्हा गच्चीवरच्या टाकीचे झाकण, जाळी आणि पक्की शिडी यांसाठी स्वतंत्र रक्कम मंजूर करून घ्या, आणि ते काम मे महिन्यातच उरका. कीटकनाशक खात्याचा माणूस आला की त्याला गच्चीची किल्ली द्या.