श्वासाची साक्ष

चाकणच्या कारखान्यांत तयार होणाऱ्या मोटारींच्या धुराचा हिशोब त्यांच्यात बसविलेले संवेदक क्षणोक्षणी ठेवीत असतात, आणि १ एप्रिल २०२० पासून देशभर लागू झालेल्या बीएस-६ मानकांनी ही शिस्त अधिकच कडक केली आहे. परंतु त्याच मोटारींचे सांगाडे सांधणाऱ्या कामगाराच्या उच्छ्वासातही त्याच्या मज्जासंस्थेच्या प्रकृतीची वर्दी दडलेली असते, आणि ती सुई न टोचता वाचता यावी म्हणून शास्त्रज्ञांनी चालविलेल्या प्रयत्नांची या औद्योगिक पट्ट्याने आवर्जून दखल घेतली पाहिजे.

उच्छ्वासात नायट्रोजन, ऑक्सिजन, कार्बन डायऑक्साइड आणि बाष्प यांचाच भरणा मोठा. पण त्यांच्यासोबत शेकडो द्रव्ये अत्यल्प प्रमाणात बाहेर पडतात, हे १९७१ साली रसायनशास्त्रज्ञ लायनस पॉलिंग यांनी सुमारे २५० द्रव्यांचा छडा लावून दाखविले. व्याधीमुळे पेशींचा रासायनिक व्यवहार बिघडला, त्यांच्या आवरणातील स्निग्धांश विघटित होऊ लागला, की त्यांतून निघणारे वायुरूप अंश रक्तावाटे फुप्फुसात उतरतात. हैफा येथील टेक्निऑन संस्थेत होसाम हाइक यांच्या चमूने सुवर्णाच्या अतिसूक्ष्म कणांवर सेंद्रिय लेप चढवून संवेदक घडविले: वायूचे रेणू लेपात शिरले की कणांमधील अंतर किंचित बदलते आणि त्यासरशी विद्युत्‌रोधही बदलतो. एकटा संवेदक रोगाचे नाव सांगू शकत नाही. अनेकांच्या प्रतिसादांतून उमटणारी आकृती संगणक ओळखतो. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात १,४०४ व्यक्तींचे श्वास तपासले गेले. कंपवात अर्थात पार्किन्सन आणि मल्टिपल स्क्लेरोसिस यांसह १७ व्याधींचा त्यात समावेश होता, आणि अचूकता ८६ टक्के भरली.

ही धडपड कशासाठी, हे कंपवाताचे निदान आज कसे होते ते पाहिले म्हणजे उमगते. तज्ज्ञ डॉक्टर रुग्णाला अंगठा व तर्जनी भराभर जुळवायला सांगतात, मनगट हलवून त्यातील ताठरपणा अजमावतात, चालताना हात झुलतो की अंगाशी चिकटून राहतो ते न्याहाळतात. पण ही लक्षणे नजरेत भरेपर्यंत मेंदूतील डोपामिन निर्माण करणाऱ्या पेशींचा मोठा भाग नष्ट झालेला असतो.

भोसरी-चाकणच्या शेडमध्ये वेल्डिंग करणाऱ्यांच्या बाबतीत या प्रश्नाला आणखी एक अंग आहे. पोलाद सांधताना उठणाऱ्या धुरात मज्जासंस्थेला बाधणारे मँगनीज असते. मँगनीजच्या भुकटीत राबणाऱ्या मजुरांच्या पायांतील बळ जाऊन चाल अडखळल्याची नोंद ग्लासगोच्या जॉन कूपर यांनी १८३७ सालीच केली होती, आणि १९४८ च्या कारखाने अधिनियमाने मँगनीजची विषबाधा सरकारला कळविणे बंधनकारक असलेल्या रोगांच्या अनुसूचीत घातली.

मात्र याच कामगाराचा श्वास वाचणे सर्वांत अवघड. कारण पाळीभर छातीत गेलेली थिनरची वाफ, तोंडातली तंबाखू, डब्यातली लसणाची चटणी या साऱ्यांचे अंश त्यात मिसळतात. म्हणून अन्यत्र पारखलेले यंत्र जसेच्या तसे आणून भागणार नाही. येथल्याच कामगारांच्या, पाळीच्या आधी व नंतर घेतलेल्या नमुन्यांवर ते कसाला लावावे लागेल. शिवाय यंत्राचा कौल हे निदान नव्हे, तज्ज्ञाकडे जाण्याची ती सूचना होय. तो कौल प्रथम कामगाराच्या हाती पडावा, त्याला कामावरून कमी करण्याची सबब म्हणून मालकाच्या दप्तरी जमा होऊ नये, अशी कायदेशीर तजवीज यंत्र येण्यापूर्वीच झाली पाहिजे, कारण पोटावर पाय येण्याची धास्ती असेल तर यंत्राच्या नळीत फुंकर घालायला कोणी पुढेच येणार नाही.