प्रिंट टेबलावर ठेवल्यावर

जानेवारी २००६ मध्ये निकॉनने जाहीर केलं की फिल्मचे कॅमेरे यापुढे दोनच ठेवणार, एफ-६ आणि एफएम-१०. त्याच महिन्यात कोनिका मिनोल्टाने कॅमेरे आणि फिल्म दोन्हींतून अंग काढून घेतलं. आदल्या वर्षी फिल्म बनवणाऱ्या आग्फाफोटोचं दिवाळं वाजलं होतं आणि त्याच्या आदल्या वर्षी इल्फर्ड थोडक्यात वाचली होती. या बातम्यांवर हळहळणारे पुष्कळ होते. मुंबईच्या बोरा बाजारात तेव्हा वेगळीच धांदल होती. लग्नाचे फोटो काढणारे एकेक करून डिजिटलवर गेले आणि त्यांचे याशिका, पेंटॅक्स, निकॉन दुकानांच्या काचेमागे येऊन बसले. कॉलेजात असताना जो कॅमेरा नुसता बघून परत फिरायचं, तो आता घासाघीस करून खिशाला परवडायला लागला.

आमचं टोळकं त्या स्वस्ताईतून जमलं. संस्था नाही, नाव नाही, वर्गणी नाही. पुणे, मुंबई, नाशिक, कोल्हापूर अशी विखुरलेली माणसं. कुणी बँकेतून निवृत्त, कुणी शाळेत चित्रकला शिकवणारं, एक घड्याळं दुरुस्त करणारे (त्यांचा भाव अर्थातच सगळ्यांत जास्त). भेटलो की पहिला तास कॅमेऱ्यांवर जायचा. शटर एक सेकंदाला अडकतंय, पावसाळ्यात लेन्सला बुरशी धरली, मागच्या झाकणाचा स्पंज कुजून उजेड आत येतोय. आग्फा क्लिक-३ कुणाच्या आजोबांच्या कपाटातून निघाला, याचं कौतुक वेगळं. मग कुणीतरी विचारायचं, "फोटो आणलेत का?"

तेव्हापासून आजवर या प्रश्नाला जी उत्तरं मिळत गेली, त्यांचा हा मागोवा. फोटोवर काय बोललं जाईल ते बोलणाऱ्याच्या जाणकारीइतकंच टेबलावर काय ठेवलंय यावर ठरतं, असं माझं मत या काळात बनत गेलं.

एकत्र जमून एकमेकांचे फोटो तपासायची खोड मुंबईला फार जुनी आहे. लंडनची फोटोग्राफिक सोसायटी १८५३ मध्ये निघाली आणि मुंबईची १८५४ मध्ये; कलकत्ता आणि मद्रास दोन वर्षं मागे होते. मुंबईच्या सोसायटीच्या कार्यकारिणीवर भाऊ दाजी लाडांचे धाकटे बंधू डॉ. नारायण दाजी होते. १८५५ मध्ये एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये फोटोग्राफीचा वर्ग सुरू झाला. विल्यम जॉन्सन आणि विल्यम हेंडरसन यांनी १८५६ पासून हौशी फोटोग्राफरांसाठी एक मासिक अल्बम काढला. त्याच्या दर अंकात तीन खऱ्या प्रिंट्स चिकटवलेल्या असत. म्हणजे सदस्याच्या हातात छापील चित्र पडत नव्हतं, प्रत्यक्ष प्रिंट पडत होती, आणि ती उजेडात धरून तिचे दोष काढता येत होते.

त्या पिढीचं मोठं दुखणं उष्मा. कलोडियनची काच ओली असतानाच टिपायची आणि ओली असतानाच धुवायची. इथल्या उन्हात त्यातलं ईथर भराभर उडून जाई. मेण लावलेला कागद आधीपासून तयार करून ठेवता येई, म्हणून दूरवर फिरणाऱ्यांना तो सोयीचा. कॅप्टन बिग्जने १८५५ मध्ये विजापूर, बदामी, ऐहोळे टिपलं ते कागदी निगेटिव्हवर. दीडशे वर्षांनी आमच्यात हीच तक्रार दुसऱ्या तोंडाने यायची. डी-७६ या डेव्हलपरमध्ये एचपी-५ फिल्म वीस अंशांना साडेसात मिनिटं धुवायची, हे पुस्तकातलं. एप्रिलमध्ये पुण्याच्या नळाचं पाणी तिशीला टेकतं. चोवीसलाच वेळ पाच-साडेपाच मिनिटांवर येतो. वेळ त्याखाली गेला की धुणं एकसारखं होत नाही आणि आकाशात ढगांशिवायच पट्टे उमटतात. बाटली बर्फाच्या पातेल्यात ठेवलीस का, हा आमच्याकडे समीक्षेचा पहिला प्रश्न होता.

मधला काळ सलोनांचा, म्हणजे फोटोंच्या स्पर्धा-प्रदर्शनांचा. कॅमेरा पिक्टोरियालिस्ट्स ऑफ बॉम्बे १९३२ ची, फोटोग्राफिक सोसायटी ऑफ इंडिया १९३७ ची, फेडरेशन ऑफ इंडियन फोटोग्राफी १९५३ ची. जहांगीर उनवाला यांच्यासारखे लोक ब्रोमॉइल करत, म्हणजे प्रिंटमधली चांदी काढून टाकून कुंचल्याने तेलकट शाई चढवत. या मंडळींच्या हाताला तोड नव्हती. सलोनच्या परीक्षणाबद्दल माझं मत एवढं चांगलं नाही. तीन परीक्षक, समोर दिव्याखाली प्रिंट, काही सेकंद, मार्क, पुढची प्रिंट. निवडली तर मागे स्टिकर, नाही तर प्रिंट तशीच पोस्टाने परत. का परत, हे कळायची सोय नाही. स्टिकरं साठली की नावापुढे मानाची अक्षरं लागतात, मग ती अक्षरं मिळवून देणारे विषय ठरून जातात: धुळीतून परतणारी गुरं, सुरकुत्यांचा म्हातारा, पाठमोरी पाणी आणणारी बाई. आमच्यातल्या दोन-तीन ज्येष्ठांच्या ट्रंकेत अशा प्रिंट्स होत्या. मागची स्टिकरं वाचत ते देशांची नावं सांगायचे. फोटोबद्दल विचारलं की गप्प.

ब्रिटन-अमेरिकेतल्या हौशी लोकांनी याला एक उपाय काढला होता, टपालाची पेटी. प्रत्येकाने एक प्रिंट टाकायची, पेटी एकाकडून दुसऱ्याकडे जाणार, ज्याने त्याने इतरांच्या प्रिंटवर सोबतच्या वहीत लिहायचं. चक्कर पूर्ण करून पेटी आली की आपली जुनी प्रिंट काढून नवी ठेवायची. आम्ही हे सरळ उचललं. बुटांचं खोकं, आत पुठ्ठ्यांमध्ये आठ बाय दहाच्या प्रिंट्स आणि एक लांब वही. नाशिक-पुणे एस.टी.च्या पार्सलने, पुढे कोल्हापूरला कुणी जाणारं असेल त्याच्या हाती. नियम दोन: "छान" हा शब्द चालणार नाही, आणि कॅमेऱ्याचं नाव प्रिंटच्या मागे लिहायचं नाही.

दुसऱ्या नियमावर भांडणं झाली. जुन्या कॅमेऱ्यांच्या शौकिनांना कॅमेऱ्याचं नाव सांगू नका म्हणणं जरा जुलमाचंच. पण त्याने वही सुधारली. पूर्वी "रोलीफ्लेक्सचा गोडवा आलाय" असली दाद यायची. नाव झाकल्यावर लोक चौकटीच्या कडा बघायला लागले. त्या वहीतले शेरे मला अजून आठवतात. "वाकलेल्या बाईचे पाय कापलेस, आता ती कुठे उभी आहे ते कळत नाही." "सावली काळी आहे की रिकामी? निगेटिव्हमध्ये काही असेल तर दोन सेकंद कमी देऊन बघा." "सर, हा फोटो तुम्ही आधीही काढलाय, तेव्हा माणूस दुसरा होता." शेवटच्यावर सर काही महिने रुसले. पेटीला वेळ लागायचा, आणि वेळ लागायचा म्हणूनच लोक विचार करून लिहायचे. प्रिंट आठवडाभर घरात असते. सकाळी आवडलेली संध्याकाळी आवडेनाशी होते.

त्याच सुमारास दुसऱ्या टोकाची एक लाट आमच्यापर्यंत पोचली. व्हिएन्नाच्या काही विद्यार्थ्यांना प्रागमध्ये लोमो एलसी-ए हा सोव्हिएत कॅमेरा सापडला, १९९२ मध्ये त्यांनी लोमोग्राफीची संस्था काढली आणि शेकडो छोटे फोटो भिंतभर लावायची पद्धत पाडली. विचार करू नका, हा त्यांचा एक नियम. आमच्या ज्येष्ठांना तो ऐकूनच झीट आली. मला त्यात तथ्य वाटलं ते एवढंच की भिंतीवर एका फोटोची मिजास उरत नाही.

कोडॅक्रोम या स्लाइड फिल्मचा शेवटही त्याच काळातला. २००९ मध्ये कोडॅकने ती बंद केली. शेवटच्या रोलांपैकी एक फोटोग्राफर स्टीव्ह मॅक्करीला दिला. त्याचे छत्तीस फोटो मुख्यतः न्यूयॉर्क, राजस्थानातले रबारी आणि मुंबईतले सिनेमावाले यांच्यात वाटले गेले, आणि तो २०१० मध्ये कॅन्ससमधल्या ड्वेन्स फोटो या लॅबमध्ये धुतला गेला. स्लाइडचं एक बरं असतं, कॅमेऱ्यातून निघालेली पट्टी हेच अखेरचं चित्र. एक्स्पोजर चुकलं तर दोष ढकलायला कुणी नसतं. कोडॅकने २०१२ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला तेव्हा आमच्या वहीत कुणीतरी तारीख घालून नुसती रेघ ओढली.

पेटी बंद पडली ती कुणी ठरवून नाही. गल्लीतल्या लॅब मिटल्या, डार्करूमचा कागद महागला, एन्लार्जर माळ्यावर गेले. मग फिल्मला पुन्हा दिवस आले. कोडॅकची स्लाइड फिल्म एक्टाक्रोम २०१८ मध्ये परत आली. पंचविशीतली मुलंमुली गळ्यात आजोबांचा कॅमेरा अडकवून आमच्यात यायला लागली. त्यांनी फोटो आणले ते फोनवर. रोल कुरियरने लॅबला जातो, स्कॅन परत येतात. निगेटिव्ह मागवून घ्यायची आठवण काहींना राहते, काहींना नाही.

इथे समीक्षेची गोची झाली. "पोर्ट्रा फिल्मचा रंग बघा," एक मुलगी म्हणाली. रंगीत निगेटिव्हला नारिंगी थर असतो. तो वजा करून उलटं चित्र सुलट करताना एकच बरोबर रंग असा नसतो. नोरित्सूच्या स्कॅनरवर एक निघतो, फुजीच्या फ्रंटियरवर दुसरा, आणि बसणारा माणूस बदलला की तिसरा. निगेटिव्ह हा शिधा. स्वयंपाक लॅबमध्ये होतो. मग आम्ही दाद देतो ती कुणाच्या हाताला? आम्ही एकच निगेटिव्ह दोन ठिकाणी स्कॅन करून आणली आणि दोन्ही प्रिंट्स शेजारी ठेवल्या. एकीत संध्याकाळ होती, दुसरीत दुपार. त्या मुलीने शांतपणे विचारलं, "तुमच्या काळात गल्लीतला लॅबवाला काय वेगळं करत होता?" बरोबरच होतं तिचं. रंगीत फोटो आम्हीही कधी स्वतः धुतले नव्हते. आमचा सगळा तोरा काळ्या-पांढऱ्यावर उभा होता.

तिच्या प्रश्नानंतर आमच्याकडे कॉन्टॅक्ट शीट परत आली. निगेटिव्हच्या सहा-सहा चौकटींच्या सहा पट्ट्या आठ बाय दहाच्या कागदावर ठेवायच्या, वर काच, दिवा लावायचा, कागद धुवायचा. अख्खा रोल एका पानावर. इथे लपवायला जागा नाही. फोटो काढणारा कुठे थबकला, कुठे घाबरून एक पाऊल मागे आला, कुठे एकाच देवळाभोवती सात चौकटी घालवून आठवीत चुकून कुत्रा आला आणि तोच फोटो झाला, सगळं दिसतं. एका फोटोवर बोलताना आपण आवडनिवड बोलतो. पूर्ण रोलवर बोलताना माणूस कसा बघतो यावर बोलावं लागतं. ज्येष्ठांना हे जड गेलं. सलोनमध्ये गाजलेला फोटो टेबलावर ठेवणं सोपं. त्याच्या अलीकडच्या-पलीकडच्या पाच चौकटी दाखवणं म्हणजे घरातली मोरी दाखवणं, असं एकजण म्हणाले आणि पुढच्या वेळी घेऊन आले. त्यांच्या गुरांच्या प्रसिद्ध फोटोच्या आधीच्या चौकटीत गुराख्याला हात करून थांबवलेलं स्पष्ट दिसत होतं. मला त्या दिवशी तो फोटो पहिल्यांदा आवडला.

आता रोल इतका महाग आहे की पोरं चौकटी जपून वापरतात, आणि त्याचा तोटाही शीटवर दिसतो: एका विषयाची एकच चौकट, मग दुसरा विषय. चुकायची चैन कुणाला परवडत नाही. पेंटॅक्सने २०२४ मध्ये १७ नावाचा अर्ध्या चौकटीचा नवा फिल्म कॅमेरा काढला, त्याचा धागा १९५९ च्या ऑलिम्पस पेनपर्यंत जातो. छत्तीसच्या रोलमध्ये बहात्तर फोटो. तेवढ्याच कागदावर दुप्पट चौकटी आल्याने भिंग लागतं, हे खरं. पण वेगळीच एक चर्चा त्यातून सुरू झाली आहे. उभ्या अर्ध्या चौकटी शेजारीशेजारी येतात आणि मुलं त्या जोडीनेच बघतात: एकीत आजीचा हात, दुसरीत रिक्षाचा हँडल. घड्याळवाल्यांचं म्हणणं, हा योगायोग आहे, याला मार्क कशाचे. ती मुलगी म्हणते, योगायोग असता तर एकदाच जमला असता, आणि त्यांच्याकडे भिंग सरकवत पुढची पट्टी दाखवते. घड्याळवाले अजून कबूल झालेले नाहीत. त्यांनी मागच्या आठवड्यात एक जुना ऑलिम्पस पेन उघडून साफ केला आणि त्यात स्वतःचा रोल भरला, एवढं कळलं आहे.