घर विकण्याआधी: रंग सगळ्यात शेवटी

आजचा विषय ऐकायला साधा आहे. कोकणातलं जांभ्याचं, कौलारू घर विकायला काढलंय, तर बाहेरून काय करावं? बहुतेकांचं उत्तर एकच असतं, रंग काढा. आम्ही म्हणतो, रंग सगळ्यात शेवटी.

घेणारा फाटकातून आत आला की त्याची नजर जोत्यावर जाते. पागोळ्यांचं पाणी अंगणात पडतं, चिखल उडतो आणि भिंतीच्या तळाशी तांबडा पट्टा बसतो. त्यावर शेवाळ. ते दिसलं की माणूस मनातल्या मनात किंमत पाडायला लागतो, आणि त्याचं चुकतंय असंही नाही. तेव्हा आधी पाण्याचा बंदोबस्त करा. पन्हळ लावा, नाहीतर पागोळ्या पडतात तिथं खडी भरा. अंगणाचा उतार घरापासून बाहेरच्या बाजूला काढा. फुटकी कौलं बदला. कुंड्या भिंतीला टेकवून ठेवू नका, झाडाला घातलेलं पाणी भिंतच पिते.

जांभा सच्छिद्र असतो. पाणी शोषतो, उन्हात सोडतो. त्यावर ऑइलपेंट फासला की ओल आतच कोंडते आणि पुढे रंगाचे पोपडे सुटतात. हे आम्हीही करून बसलोय. एका घराला दिवाळीच्या सुमारास चकचकीत रंग दिला, घर विकलं गेलं, आणि पुढच्या श्रावणात घेणाऱ्याचा फोन आला. काय बोलावं ते सुचेना. आता आम्ही चुना देतो, नाहीतर दगड उघडाच ठेवतो. दरजा भरून घ्यायच्या आणि सुकलेलं शेवाळ ताठ ब्रशने घासून काढायचं, एवढ्यानंही घर उजळतं.

यात कायदाही आहे, बरं का. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम १८८२, कलम ५५. वेगळा करार नसेल, तर मालमत्तेतला जो महत्त्वाचा दोष विकणाऱ्याला माहीत आहे, पण घेणाऱ्याला माहीत नाही आणि साधारण काळजी घेऊनही सापडणार नाही, तो विकणाऱ्यानं सांगायचा. न सांगणं हे कपट धरलं जातं. आता बघा, भिंतीवरची ओल उघड दिसत होती, आपण रंग देऊन ती दिसेनाशी केली. मग ती सांगायची जबाबदारी कुणाची?

बाकीची कामं एका दिवसाची आहेत. फाटकाच्या बिजागरीला तेल, गडग्याचे ढासळलेले दगड जागेवर, तुळशीवृंदावनाला चुना. अंगण मोकळं दिसावं म्हणून झाड तोडायला मात्र निघू नका. शहरी हद्दीत १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्याप्रमाणे परवानगी लागते, आणि दारचा आंबा बघून घर पसंत करणारे आम्ही पुष्कळ पाहिलेत.

समोरून प्रश्न आलाय, भर पावसात घर दाखवावं का? कौलं आणि उतार नीट केले असतील तर जरूर दाखवा. घेणाऱ्याला पडवीत बसवा, चहा द्या, आणि पाणी कुठून कुठे जातं ते त्याला बघू द्या.